सड्यावर एकट्याने जाऊ नये

मराठी ललित लेखातला ‘मी’ फिरायला जातो तो एकटाच. त्याला भल्या पहाटे जाग येते, घरातली माणसे झोपलेली असतात, तो अंगावर शाल ओढून दार अलगद लोटतो आणि पायवाटेला लागतो. वाटेत त्याला झाड भेटते, ओढा भेटतो, एखादा पक्षी भेटतो. माणूस भेटलाच तर तो दूरवरून जाणारा, पाठमोरा आणि शक्यतो डोक्यावर मोळी घेतलेला असतो. त्याच्याशी ‘मी’ बोलत नाही. बोलला तर चिंतन मोडेल. दोनेक पाने चिंतन करून तो घरी परततो तेव्हा चहा तयार असतो. तो कोणी केला हे सांगण्याची पद्धत नाही.

ह्या ‘मी’विषयी माझी तक्रार आहे. ती केवळ आवडीनिवडीची असती तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. ज्याला एकटे फिरायचे त्याने खुशाल फिरावे. पण तीसेक वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात मराठी शिकवल्यानंतर, आणि त्यांतली बरीच वर्षे पौष ते फाल्गुन ह्या दिवसांतले रविवार मित्रांबरोबर सड्यांवर काढल्यानंतर, माझे असे मत झाले आहे की ह्या एकट्या ‘मी’ने आपल्या गद्याची नजर अधू केली, आणि त्याची किंमत साहित्याबाहेर, प्रत्यक्ष जमिनीला मोजावी लागते आहे. विधान अतिशयोक्त वाटेल. ते तसे का नाही हे सांगण्यासाठी आधी माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल.

२००९ साली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने विद्यार्थ्यांसाठी ललित लेखनाची स्पर्धा घेतली. विषय निसर्गाचा. परीक्षक आम्ही तिघे. चाळीसेक लेख आले. बहुतेकांत पाऊस होता, उरलेल्यांत समुद्र, आणि जवळजवळ सर्वांत तो एकटा फिरणारा ‘मी’. ज्या मुलांची दहा-बारा माणसांची घरे मला ठाऊक होती तीही कागदावर एकटीच हिंडत होती. एक लेख तेवढा वेगळा होता. राजापूरकडच्या एका मुलीने लिहिला होता. शिमगा तोंडावर आलेला, घरचा बैल सड्यावर चरायला गेला तो परतला नाही, आणि ती, तिची दोन चुलत भावंडे व शेजारचे एक काका असे चौघे तीन दिवस त्याला शोधत हिंडले, एवढीच गोष्ट. फाल्गुनात कातळाच्या कोणत्या खळग्यात पाणी टिकते, जळालेल्या गवताच्या बुडख्यांना दवावर हिरवे कोंब फुटतात म्हणून गुरे तिकडे कशी ओढली जातात, अकरा वाजल्यानंतर कातळ पायाला कसा चटके देतो, हे सगळे तीत होते. मध्येच एक परिच्छेद होता, की दमल्यावर ती सगळी ‘रेघांच्या खडका’वर बसली, लहानपणी तिथल्या माशाच्या पोटात बसून ती भातुकली खेळत असत.

आम्ही तो लेख बाजूला ठेवला. ‘माहिती आहे, लालित्य नाही’ असा शेरा झाला. माझ्या स्वतःच्या हाताने मी त्या खडकाच्या परिच्छेदाला तांबड्या पेन्सिलीने उभी रेघ मारून ‘अप्रस्तुत’ असे लिहिल्याचे मला स्पष्ट आठवते. पहिले बक्षीस पहिल्या पावसावरच्या लेखाला गेले. त्यात धरित्री ही नववधू होती.

ज्यांनी कोकण महामार्गावरून किंवा रेल्वेच्या खिडकीतून पाहिले आहे त्यांच्यासाठी सडा म्हणजे काय ते सांगायला हवे. आमच्याकडे गाव असते खाली, खाडीच्या किंवा पऱ्याच्या कडेने, माडापोफळींच्या सावलीत. पाखाडी चढून, घाटी ओलांडून वर आले की झाडी एकाएकी संपते आणि जांभ्या कातळाचा उघडा, सपाट, दूरवर पसरलेला माळ लागतो. तो सडा. पावसाळ्यात त्याच्यावर गवत आणि इवल्या फुलांचे गालिचे असतात. मार्गशीर्षापासून गवत पिवळे पडते, माघापर्यंत ते कापून नेलेले किंवा वणव्यात गेलेले असते, आणि काळपट तांबडा कातळ उघडा पडतो. चित्रांच्या दिनदर्शिकांवर छापले जाते ते कोकण म्हणजे ह्या सड्याच्या खालचा भाग. वरच्या भागासाठी आपल्या लेखनात एकच विशेषण आहे: ओसाड. फार झाले तर उजाड, भकास, रखरखीत. कातळ हा शब्द तर आपण दगडी काळजाच्या माणसासाठी राखून ठेवला आहे.

हे विशेषण एकट्या माणसाचे आहे. माघातल्या सड्यावर शहरात शिकलेला, शाल पांघरलेला एकटा माणूस सोडला तर त्याला खरोखरच काही दिसत नाही. त्यात त्याचा दोष नाही. सडा एका जोडी डोळ्यांना दिसण्यासारखा नसतोच. दोष आहे तो न दिसलेल्याला ‘काही नाही’ असे नाव देण्यात.

हा एकटा माणूस आपल्याकडे आला कोठून? अभ्यासकांना उत्तर ठाऊक आहे. १९२०–३०च्या सुमारास फडके, खांडेकर, काणेकर यांनी लघुनिबंध मराठीत रुजवला तो इंग्रजी वैयक्तिक निबंधाच्या नमुन्यावर. त्या परंपरेत विल्यम हॅझलिटचा १८२२चा प्रवासाला निघण्यावरचा निबंध आहे. चालायला जावे ते एकट्याने, हे त्याचे आग्रहाचे प्रतिपादन. १८७६ साली स्टीव्हन्सनने पायी भटकंतीवर लिहिताना हॅझलिटचा आदराने उल्लेख करून तोच पक्ष घेतला. आम्ही तो पक्ष घेतला, पण त्याच्या मागची गंमत घेतली नाही. इंग्रजीतला सर्वांत प्रसिद्ध एकटा भटक्या म्हणजे डॅफोडिल पाहणारा वर्ड्‌स्वर्थ. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटरच्या काठी ती फुले त्याने पाहिली तेव्हा त्याची बहीण डोरोथी त्याच्याबरोबर चालत होती, आणि त्या दिवसाची बारीकसारीक नोंद तिच्या रोजनिशीत आहे. कविता लिहिली गेली त्यानंतर दोनेक वर्षांनी. तीत डोरोथी नाही. त्या मुळातल्या एकटेपणातच एक माणूस गाळलेला आहे, आणि गाळलेले माणूस अधिक नीट पाहणारे होते असा निदान मला तरी दाट संशय आहे. हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो, आणि घरी येऊन पुन्हा एकटेच फिरायला निघतो.

बरे, आपल्याकडे चालण्याचे गद्य नव्हते अशातलाही भाग नाही. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथच चालणाऱ्या माणसांचा आहे. ‘लीळाचरित्रा’चे तीन भाग विद्यार्थ्यांना पाठ असतात: एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. एकांक म्हणजे चक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमणाचा काळ, आणि तो सर्वांत लहान भाग आहे. तो आपल्यापर्यंत आला तोही स्वामींनी पुढे भक्तांना सांगितला म्हणून. माणसे बरोबर चालू लागली, वाटेत भांडू लागली, रुसू लागली, भलते प्रश्न विचारू लागली, तेव्हा गद्य भरून आले. येथे कोणी म्हणेल की स्वामींचा अनुयायांना उपदेश तर विजनाचा, एकट्याने हिंडण्याचा होता. खरे आहे. उपदेश एकांताचा, ग्रंथ सोबतीचा. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या त्या गावोगाव विचारत, पडताळत. स्वतःच्या अंतःकरणात डोकावून नव्हे. वरसईचे गोडसे भटजी १८५७च्या धामधुमीत उत्तरेत पायी हिंडले ते काकांना बरोबर घेऊन, आणि ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला तेव्हा नावात ‘माझा’ असूनही आत सगळा गोतावळाच होता. वारीविषयी तर बोलायलाच नको. म्हणजे सोबतीने चालणे ही आपली जुनी सवय; एकटे चालणे ही शंभर वर्षांची उसनवारी. उसने घेण्याला माझा विरोध नाही. हापूस हे नावदेखील पोर्तुगीजांचे उसने आहे. पण उसने आणलेले कलम ज्या जमिनीत लावायचे ती आधी पाहावी लागते.

आता सड्यावर येतो. काही वर्षांपूर्वी रथसप्तमीनंतरच्या रविवारी आम्ही पाच जण कशेळीला गेलो होतो. कनकादित्याच्या देवळातला उत्सव नुकताच झालेला होता. आमच्यातले एक आंबा बागायतदार, एक निवृत्त तलाठी, एक वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई, एक रिक्षाचालक, ज्याचे लहानपण अशाच एका सड्यावर गुरे राखण्यात गेले, आणि पाचवा मी, ज्याचा सड्यावर तसा काही उपयोग नाही.

घाटी चढतानाच बागायतदार थांबले. एका कलमाच्या मोहोराचा तुरा त्यांनी बोटांत धरून उलटा केला, मान हलवली आणि पुढे गेले. मागाहून सांगितले, की थंडी लांबली आहे, ह्या झाडाला पुनर्मोहोर येतो आहे, म्हणजे आधीच धरलेली सुपारीएवढी फळे आता गळणार. मोहोरावर मोहोर पाहून माझ्यातला मराठीचा शिक्षक हर्षित झाला होता. तो गप्प बसला. नवा बहर ही वाईट बातमी असू शकते, हे आपल्या वसंतवर्णनांत कोठे आहे? वसंतपंचमी माघात येते हे पंचांगाला ठाऊक आहे, आमच्या लेखकांना नाही. त्यांचा शिशिर म्हणजे पानगळ, आणि वसंत चैत्रात कोकिळेच्या पहिल्या हाकेने सुरू होतो. रत्नागिरीत माघ लागेपर्यंत काटेसावर आणि पांगारा निष्पर्ण होऊन लाल झालेले असतात, काजूच्या मोहोराचा गोड वास वाटेवर पसरलेला असतो, तांबट दिवसभर ठोके देत असतो. शिशिर आणि वसंत येथे एकाच फांदीवर असतात. पण संस्कृतातून आलेली ऋतूंची चौकट आणि इंग्रजीतून आलेला एकटा प्रेक्षक ह्या दोहोंच्या मध्ये ती फांदी हरवली.

सड्यावर आलो तेव्हा आठ वाजले होते. पुढे सगळा कातळ. बाई लगेच खाली बसल्या. भेगेत मुळे रोवून, कातळाला चिकटून वाढणाऱ्या काटेरी गोल गेंदांवर बारीक फुले होती. त्यांना भुईगेंद म्हणतात हे त्यांनी सांगितले. सगळे हिरवे संपल्यावर, थेंबभर पावसाची आशा नसताना हे झुडूप फुलते. मी इतकी वर्षे त्याला वाळलेला काटा समजून ओलांडत आलो होतो. रिक्षावाला मित्र एका खळग्यापाशी वाकून वास घेत होता. रात्री येथे भेकर पाण्यावर येऊन गेले, असे त्याचे म्हणणे पडले. टिटवी डोक्यावर ओरडत होती. तिची अंडी जवळपास असणार, पाय जपून टाका, हेही त्यानेच सांगितले.

आम्ही आलो होतो हत्ती पाहायला. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, सुमारे अठरा मीटर लांबीचा, आणि त्याच्या अंगाखांद्यावर, पोटात इतर प्राण्यांच्या, माशांच्या कितीतरी आकृती. कोकणातल्या सड्यांवर अशी हजाराहून अधिक कातळशिल्पे आता नोंदली गेली आहेत; हजारो वर्षांपूर्वीची, काही अभ्यासकांच्या मते मध्याश्मयुगापर्यंत मागे जाणारी. त्यांत गेंडा आहे, पाणघोडा आहे; हे प्राणी आज कोकणात नाहीत. वाटेने जाणाऱ्यांना ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, काही गावांत ती पांडवांनी काढली असे सांगत. पण ती जगापुढे आली गेल्या दीड दशकात, रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्या पायपिटीने. ह्या मंडळींची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. ते मिळून हिंडले, आणि गुराख्यांना विचारत हिंडले. २०२२ साली कशेळी, उक्षी, जांभरुण, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसामळ ही ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

तर तो हत्ती. आम्ही त्याच्यापाशी उभे होतो आणि तो आम्हांला दिसत नव्हता. पायांशी एक रेघ होती, बोटभर खोल, पुढे कोठेतरी वळणारी. अठरा मीटरचा प्राणी उभ्या माणसाच्या नजरेत मावत नाही. शेवटी रिक्षावाला मित्र म्हणाला, तुम्ही तिकडे लांब उभे राहा, मी चालतो. आणि रेघेला पाय लागू न देता तो तिच्या कडेकडेने चालू लागला. आम्ही चौघे पाहत होतो. तो पाठीवरून चालत गेला, खाली उतरला, वळला, पाय काढले, पोटाखालून आला, आणि सोंडेपाशी वळला तेव्हा बाईंच्या तोंडून एकदम ‘अगं बाई’ निघाले. त्या क्षणी आम्हांला हत्ती दिसला. जो चालत होता त्याला मात्र अजून दिसला नव्हता. मग त्याच्या जागी मी चाललो आणि त्याने पाहिला.

एकट्याला तो दिसला नसता असे मी म्हणत नाही. आज ड्रोन आहेत. पण ज्याच्या हातात ड्रोन नाही आणि सोबत कोणी नाही, तो त्या कातळावरून सरळ निघून गेला असता आणि घरी येऊन त्याने ‘ओसाड’ लिहिले असते. मी तसे लिहिलेले आहे. १९९०च्या दशकात एका दिवाळी अंकात माझा एक लेख आला होता. त्यात हाच सडा आहे, मीच आहे, एकटा आहे, आणि सड्याच्या रितेपणाला मी माझ्या मनाच्या रितेपणाची उपमा दिली आहे.

परतताना एका गडग्याच्या सावलीत डबे उघडले तेव्हा तलाठी मित्राने, फारसा भाव न खाता, ह्या लेखाचा खरा मुद्दा सांगितला. सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ असा एक रकाना असतो. भूमापन क्रमांकाच्या पोटातला जो भाग लागवडीला नालायक, म्हणून ज्यावर आकारणी नाही, तो पोटखराब. बहुतेक सडे त्यात जातात. “म्हणजे जमीन खराब आहे असं नाही हो,” तो म्हणाला, “सरकारला त्यातनं सारा मिळत नाही, एवढंच.” शब्द दिसतो जमिनीचे वर्णन करणारा, प्रत्यक्षात तो महसुलाचे वर्णन करतो. पुढे २००० सालापासून केंद्र सरकारने देशातल्या पडीक जमिनींचे नकाशासंग्रह वेळोवेळी काढले. त्यांत उघडा खडक हा पडीक जमिनीचाच एक वर्ग आहे. कारकुनाला दोष देता येत नाही, त्याला रकाना भरायचा असतो. आम्हां लेखकांना कोणता रकाना भरायचा होता? सातबाऱ्यावरचे ‘पोटखराब’ आणि ललित लेखातले ‘ओसाड’ हे एकाच शब्दाचे दोन पोशाख आहेत, आणि दुसरा पोशाख पहिल्याला प्रतिष्ठा देतो. तलाठ्याच्या शब्दावर लोक भांडतात, अर्ज करतात. कवीचा शब्द ते पाठ करतात.

बारसूचे उदाहरण ताजे आहे. नाणारची तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१९ साली रद्द झाली. २०२२मध्ये बारसू-सोलगाव परिसराचे नाव पुढे आले. एप्रिल २०२३मध्ये माती परीक्षणासाठी पोलीस बंदोबस्तात यंत्रे सड्यावर गेली आणि गावकऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, त्यांना विरोध केला. प्रकल्प हवा की नको हा ह्या लेखाचा विषय नाही. आमच्या पाच जणांतही त्यावर एकमत नाही, आणि एका रविवारी तर परतीचा सगळा रस्ता दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. मला लक्षात राहिला तो वादातला एक शब्द. जमीन ओसाड आहे, कातळ आहे, तेथे काही उगवत नाही, हा युक्तिवाद वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर, चहाच्या टपरीवर पुन्हा पुन्हा ऐकू आला. दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस जेथे कोरलेला आहे तो हाच सडा. युक्तिवाद करणाऱ्यांना हा शब्द कोणी पुरवला? त्यांनी मराठी पाठ्यपुस्तकेच वाचली होती, आमच्याकडेच ती शिकली होती. चिऱ्याच्या खाणींत किती रेघा कापल्या जाऊन घराच्या भिंतींत गेल्या असतील, त्याची तर मोजदादच नाही.

ह्यावर नेहमी एक उत्तर येते: दुर्गाबाई. ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचे. त्यातही पाहणारी व्यक्ती एकटीच आहे, मग? मला हे उदाहरण उलट माझ्या बाजूचे वाटते. दुर्गाबाईंच्या एकटेपणात लोकगीते आहेत, पुराणे आहेत, आदिवासींची नावे आणि बायकांची व्रते आहेत. ती एक भरलेली पालखी आहे. त्यांच्या मागून आलेल्यांनी खिडकीत उभे राहण्याची ढब उचलली आणि विद्वत्तेची मेहनत सोडून दिली. चितमपल्लींचेही तेच: त्यांच्या जंगलात त्यांना शिकवणारी माणसे पानोपानी भेटतात, आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्यांच्या जंगलात फक्त पक्ष्यांची नावे.

दुसरा आक्षेप माझ्या एका सहकाऱ्याचा, आणि तो अधिक वजनदार आहे. चारचौघांत गेले की गप्पाच होतात, निसर्ग बघतो कोण? मान्य. आमच्या बोलण्यातला निम्मा भाग सौंदाळ्याचा भाव, गुडघेदुखी आणि पुण्याला स्थायिक झालेली मुले ह्यांनी व्यापलेला असतो. बाईंनी कंटाळून एकदा तासभर मौन पाळण्याचा ठराव मांडला होता. तो दहा मिनिटे टिकला. पण त्या गप्पांच्या मधूनच कोणी तरी थांबतो, हात वर करतो, आणि बाकीचे त्याच्या बोटाच्या दिशेने पाहतात. शांततेला अर्थ येतो तो कोणी तरी बोलायचे थांबल्यामुळे. एकटा माणूस शांत असतो असेही नाही. तो स्वतःशी अखंड बोलत असतो, आणि मग तेच छापतो.

शिवाय कोकणाला स्वतःची वसंतातली पायपीट आहेच, आणि ती आम्ही ललित लेखनाच्या उंबऱ्याबाहेर ठेवली. फाकपंचमीपासून शिमगा सुरू होतो. कुठे तेरसे शिमगे, कुठे भद्रेचे. ग्रामदेवतेची पालखी वाडीवाडीतून, घराघरांतून फिरते. वाड्यांच्या मध्ये सडे असतात आणि ते रात्री ओलांडावे लागतात. नमन-खेळ्यांचे संच मृदंग घेऊन गावोगाव चालत जातात, बरोबर संकासुर आणि गोमू. होळीसाठी झाड तोडून खांद्यावरून आणताना फाका दिल्या जातात, त्या येथे लिहिता येणार नाहीत, आणि बहुधा म्हणूनच आमच्या निसर्गलेखनात शिमगा नाही. शिव्या देत, घामाने निथळत, झाडाचे वजन वाटून घेत शंभर माणसे चांदण्यात कातळ ओलांडतात. ह्याहून मोठा वसंतविहार मराठीत कोणाला कोठे सापडला असेल तर त्याने दाखवावा. ऑगस्टमध्ये कासच्या पठारावर फुले पाहायला रांग लागते, आणि २०१२पासून ते जागतिक वारशात असल्याचे सगळ्यांना ठाऊक असते. तोही सडाच. पण फुललेला. न फुललेल्या सड्याला पाहायला लोक लागतात, ओळखीचे लोक.

त्या मुलीचा लेख मला कशेळीच्या हत्तीपाशी आठवला. ‘रेघांचा खडक’, ‘माशाच्या पोटात’. तीच ती तांबडी रेघ मारलेली जागा. आजवर नोंदल्या गेलेल्या शिल्पांपैकी ते एखादे असेल, किंवा कोणी न पाहिलेलेही असेल. रत्नागिरीला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्या महाविद्यालयात चौकशी केली. स्पर्धेचे जुने कागद केव्हाच रद्दीत गेले होते. मुलीचे नाव माझ्या लक्षात नाही. ते पाहून लेख तपासायचे नाहीत असा आमचा नियम होता, आणि निःपक्षपातीपणाबद्दल आम्हांला तेव्हा अभिमानही होता. गावाचे नाव लेखात होते, ते मी विसरलो. वरच्या वाडीत एक पायरीची विहीर होती, तिथून सूर्य मावळताना दिसायचा, आणि बैल तिसऱ्या दिवशी त्याच खडकाजवळ रवंथ करत बसलेला सापडला, एवढे आठवते.

तलाठी मित्राने राजापूर तालुक्यातल्या अशा सड्यांची यादी केली आहे, जेथे वरच्या अंगाला वाडी आणि पायऱ्यांची विहीर असावी असे त्याला वाटते. अकरा नावे आहेत. त्यांपैकी चार सडे आम्ही चालून झालो. गेल्या माघात पाचव्यावर गेलो तेव्हा वणवा नुकताच येऊन गेला होता, राख अजून गरम होती, आणि एक म्हातारी काळ्या झालेल्या गवतातून सरपण वेचत होती. आम्ही तिला रेघांच्या खडकाविषयी विचारले. तिने उलट विचारले, कसली रेघ, बैलाची की माशाची? रिक्षावाला मित्र तिच्याबरोबर पुढे चालू लागला, आणि आम्ही मागून.